शेरा

सावळजच्या केंद्रावर, तारेच्या कुंपणात,
लाकडी चौकटीवर एक पसरट टाकी आहे,
परातीसारखी, पण लग्नघरातल्या परातीहून मोठी.
रोज सकाळी सात वाजता मी तिच्यावर वाकते.
आत एक उभी सुई.
काल पाणी तिच्या टोकाला टेकलेलं होतं,
आज टोक उघडं.
पितळी मापाने थोडं थोडं ओतत राहायचं,
सुईचं टोक आणि पाण्यातलं टोक
एकमेकांना भेटेपर्यंत.
जेवढं ओतलं, तेवढं काल गेलं.
कुणी नेलं, ते रकान्यात विचारलेलं नाही.

चौदा वर्षं हेच.
मेमध्ये दहा-अकरा, श्रावणात जेमतेम अडीच.
एक मिलिमीटर म्हणजे रुपयाच्या नाण्याहून पातळ,
पण एकरभर पसरला की चार हजार लिटर.
असे पाच-सहा टँकर रोज,
बिनचालकाचे, बिनआवाजाचे,
वर निघालेले.

टाकी उघड्यावर खर्च करते. वेल तशी नाही,
ती कनवटीचं काढावं तसं
पानाआडून एकेक काढून देते.
म्हणून दुपारी बारा वाजता भूपाल मगदूमांच्या बागेत
मी टेप घेऊन उकिडवी बसते
आणि वेलीखालची सावली मोजते.
सावली जेवढी, तहान तेवढी. बाकी गुणाकार.
"सावली मोजायचा पगार मिळतो व्हय?" ते हसतात.
संध्याकाळी त्यांचाच फोन:
"ताई, ठिबक किती वेळ सोडू?"

फेब्रुवारीतला बुधवार.
मण्यांत साखर चढायची वेळ.
ओतत गेले, ओतत गेले, सुईला पाणी लागेना.
साडेअठरा.
मंगळवारी साडेपाच होतं.
सूर्याची तहान एका दिवसात तिप्पट होत नाही.
टाकी गळते का पाहिलं, खालची माती कोरडी.
मग दिसला जाळीचा वाकलेला कोपरा,
आणि लेंड्या.

म्हाकू मदने अग्रणीच्या कोरड्या पात्रात
कळप बसवून तंबाखू मळत होता.
"पेली आसतील की. उघडं पाणी दिसलं, पेली."
"किती होत्या?"
"त्ये कुठं मोजत बसू?"
मी मोजलं.
जास्तीचे तेरा मिलिमीटर,
टाकीचं तोंड सव्वा चौरस मीटरला थोडं कमी,
म्हणजे पंधरा लिटर. मेंढीला दोन.
"सात-आठ होत्या," मी म्हणाले.
मळायचा अंगठा थांबला.
"सातच. आठवी लंगडी हाय, तिला चढाय आलं न्हाई."

तोवर मगदूमांनी वही उघडून पाहिलेली.
"साडेअठरा? मग तिप्पट सोडतो."
"मणी तडकतील. त्यातलं तेरा मेंढ्यांचं आहे."
ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

साहेब फोनवर म्हणाले, नोंद बाद करा.
बाद कशी करणार? पाणी तर गेलंच.
गुरुवारची वाट पाहिली,
मंगळवार आणि गुरुवारच्या मधोमध
बुधवार दाटीवाटीने बसवला, पाच पूर्णांक सात,
आणि शेऱ्यात लिहिलं:
अंदाजे. मेंढ्या, सात.

मार्चमध्ये मगदूमांच्या बेदाणा शेडवर गेले.
हिरव्या जाळ्या, एकावर एक,
चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा.
तीन किलो पाणी वाऱ्याने पंधरवड्यात नेलं
आणि कुणी हळहळलं नाही.
इथे गेलेलं पाणी म्हणजे भाव,
माझ्याकडे गेलेलं पाणी म्हणजे तूट.
त्यांनी ओंजळभर बेदाणा दिला. मी तोंडात धरून ठेवला
बराच वेळ, चावला नाही.

जाळी आता तारेने आवळली आहे.
कुंपणाबाहेर, निंबाच्या बुडाशी,
एक घमेलं ठेवलंय, काठोकाठ.
त्याला सुई नाही, रकाना नाही,
त्याची वही मी ठेवत नाही.
तरी येता-जाता नजर जातेच:
आज दोन बोटं.